दुसऱ्या गाळ्यावरचं लाल तोक

योम देसिक यांना चारचौघांत बोलायची कधी सवय नव्हती, आणि म्हातारपणी तर ती लागणार नव्हतीच. इस्पितळाच्या तळघरातल्या शोकगृहात ते बूट काढून आत गेले, फोटोसमोर गुडघे टेकून दोनदा नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या बैठ्या टेबलाशी जाऊन समोर आलेला तिखट रस्सा मुकाट्याने खाऊ लागले. फोटोतल्या बोंगसुनबाई त्यांना ओळखू येईनात. केस नीट विंचरलेले, अंगात फिकट निळा सणाचा पोशाख. योमनी त्यांना पाहिलं होतं ते मळकट टोपीत आणि बेसबॉल संघाचं नाव छापलेल्या एप्रनमध्ये.

थोड्या वेळाने काळ्या कपड्यातली एक बाई येऊन समोर बसली. बोंगसुनबाईंची मुलगी, मिग्यंग. इंचनला नोकरी करत होती एवढं योमना ऐकून माहीत होतं.

"काका, आईची आणि तुमची ओळख कुठली?"

"स्टेडियमवरची. मी धावफलकावर होतो."

"म्हणजे खूप वर्षांची."

"हो, खूप वर्षांची."

"मग सांगा ना काहीतरी. घरी ती स्टेडियमचं नाव काढत नसे. मी विचारलं की म्हणायची, त्यात काय सांगायचंय, विकते आणि येते."

योमनी चमचा खाली ठेवला. सांगावंसं वाटलं, पण सांगायला हाताशी मूठभरही काही सापडेना. बाईंचं माहेर डोंगरातल्या एका खेड्यात होतं, हे त्यांना एकदाच कळलं होतं. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होता. तो बुडाला की दुसरीकडे कुठे राहिला, हे विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नाही. बाईंना बेसबॉल कळत होता का? संघ हरला की वाईट वाटत होतं का? काहीच ठाऊक नव्हतं. एका तोकाची, तांदळाच्या उकडलेल्या वडीची, गोष्ट तेवढी ठाऊक होती. पण ती कुठून सुरू करायची ते त्यांना सुचेना.

"नूडल्स विकायच्या," ते म्हणाले. "फार हजरजबाबी होत्या."

मुलगी थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग नव्या पाहुण्यांकडे उठून गेली. योमनी रस्सा संपवला. तो गार झाला होता.

शहराचं ते जुनं स्टेडियम बंदराच्या मागच्या टेकाडावर होतं. सामन्याच्या दिवशी वारा समुद्रावरून यायचा आणि माशांचा वास, सिगारेटचा धूर, तळणाचं जुनं तेल असं सगळं ढवळून बाकांवर आणून टाकायचा. संघाचं नाव सारस. सारस बहुतेक वर्षं शेवटून दुसरे यायचे. लोक तरीही यायचे, शिव्या द्यायचे आणि पुन्हा यायचे. शिव्या संघाला कमी आणि खाण्याला जास्त असायच्या.

खाण्याचा ठेका सोलच्या एका कंपनीकडे होता. तिसऱ्या बेसच्या बाजूला, जिन्याखाली दुसरा गाळा होता, तिथे बोंगसुनबाई उभ्या राहायच्या. किंबाप, म्हणजे शेवाळाच्या पानात वळलेला भात, सकाळी ट्रकमधून यायचा आणि दुपारपर्यंत भाताचे दाणे दगडासारखे व्हायचे. वाळवलेला माकूल चामड्याच्या पट्ट्याच्या जातीचा. तळलेली कोंबडी आधीच तळून आलेली, दिव्याखाली ठेवलेली. दिवा नुसता उजेडापुरता. कपातल्या नूडल्स बाहेरच्याच, पण भाव तिप्पट. आणि त्यावर ओतायच्या पाण्याचं यंत्र असं की त्यातलं पाणी कधीच उकळलेलं नसायचं. कपातल्या शेवया अर्ध्या ताठ, अर्ध्या चिकट राहायच्या. बाहेरून खाणं आणू देत नव्हते, म्हणून लोकांना तेच खावं लागायचं.

बाग नावाचा एक टॅक्सीवाला होता. एकही सामना चुकवत नसे आणि गाळ्यापाशी आल्यावर तोंडसुख घेतल्याशिवाय जात नसे.

"मावशी, हे किंबाप कधीचं? गेल्या हंगामातलं का?"

"गेल्या हंगामातलं कधीच संपलं. हे तू शाळेत होतास तेव्हाचं."

"आणि भाव तेवढा यंदाचा?"

"भाव पुढच्या वर्षीचा आहे. तू घरचा, म्हणून आधी देतेय."

मागे उभे असलेले हसायचे. बाग पैसे द्यायचा. बाई कागदात लोणच्यातल्या मुळ्याचे दोन काप जास्त सरकवायच्या. ते कंपनीच्या नियमात बसत नव्हतं, पण वर चार घास न देता विकणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. कुणी फारच तोंड टाकलं तर त्या म्हणायच्या, "अरे, मी काय रांधलंय हे? मी नुसती उभी आहे इथे. रांधलं असतं तर तुला बोलूच दिलं नसतं." हे त्या हसत म्हणायच्या आणि लोकही हसण्यावारी न्यायचे.

योम सामना सुरू व्हायच्या आधी यायचे. एकदा धावफलकाच्या मागच्या शिडीने वर गेलं की आकड्यांच्या पाट्या लावता लावता खाली उतरता येत नसे. ते एक कप घ्यायचे. बाई पाणी ओतायच्या, झाकणाचा कागद बोटाने दाबायच्या आणि म्हणायच्या, "पाणी कोमट आहे, भाऊ. जरा जास्त वेळ झाकून ठेवा." योम म्हणायचे, "ठेवतो." कित्येक हंगाम दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.

मात्र वर्षातून एक दिवस असा यायचा की त्या दिवशी स्टेडियमवरचं खाणं सगळे मागून मागून खायचे. मार्चमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, मैदानात पूजा असायची. मधल्या मातीच्या उंचवट्यासमोर टेबल मांडायचं, त्यावर उकडलेलं डुकराचं हसरं डोकं, सुके मासे, फळं, तांदळाची दारू, आणि मधोमध वाफाळतं तोक: तांदळाच्या पिठाचा एक थर, वर भरडलेल्या लाल चवळीचा थर, पुन्हा पीठ, पुन्हा चवळी. संघाचे साहेब, खेळाडू, माती सारखी करणारे, तिकिटं फाडणारे, सगळे वाकायचे. चारही बेसवर दारू शिंपडायची. मग तोक कापून वाटायचं. एका वर्षी दुकानातून आणलेलं तोक आतून पिठूळ निघालं, तेव्हा बोंगसुनबाई पुढच्या वर्षी काही न बोलता घरून करून घेऊन आल्या. तेव्हापासून तेच चाललं होतं. कार्यालयातल्या दोघातिघांना आणि योमना सोडून ते कुणी केलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाग तर पूजेला बोलावलाच जात नसे.

मग एका वर्षी शरदात बाईंनी एक गोष्ट केली. गाळ्यांचं बघणारे बे साहेब होते, तिशीचे, नेहमी घाईत, मनाने वाईट नाहीत. त्यांना गाठून बाई म्हणाल्या, "साहेब, एक वस्तू मला माझी विकू द्या. लाल तोक. बाकीचं सगळं कंपनीचंच विकते."

"मावशी, घरचं खाणं विकायचं म्हणजे परवाने लागतात."

"परवाने तुम्ही बघा. तोक मी बघते."

बे साहेब हसले. "असं करा, मार्चच्या पूजेला सोलहून मोठे साहेब येणार आहेत. त्यांना आवडलं तर मी शब्द टाकतो. त्यांना आवडलं पाहिजे बरं का."

बाईंनी हे योमना सांगितलं, पाणी ओतता ओतता. "इतकी वर्षं लोक माझ्या हातून घेऊन थुंकतात, भाऊ. एकदा माझं घेऊन खाऊ देत. मग मेले तरी चालेल." त्या दिवशी झाकण दाबायचं राहिलं. योम म्हणाले, "आवडेल." एवढंच त्यांना सुचलं, आणि नंतर धावफलकावर बसून ते बराच वेळ आपण आणखी काय म्हणायला हवं होतं याचा विचार करत राहिले.

मार्चमध्ये, पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी, बोंगसुनबाई योमच्या घराच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या आधी कधीही आल्या नव्हत्या. योम एकटेच राहत. अंगणात वाळत घातलेले पायमोजे त्यांनी घाईघाईने काढले.

"आत या ना, बाई."

"नको. मी बाहेरच बरी." त्यांच्या केसांत पांढऱ्या कापडाची छोटी फीत टाचलेली होती. ती पाहून योमना कळायचं ते कळलं. "आई गेली माझी. परवा डोंगरावर पुरून आलो. नव्वदी उलटली होती. सगळे म्हणतात, सोनं झालं तिचं. झालं असेल."

योमनी मान खाली घातली.

"मला सुतक आहे," बाई म्हणाल्या. "पूजेच्या तोकाला हात लावता यायचा नाही."

"मग दुकानातून..."

"दुकानातून आणलं तर मोठे साहेब दुकानातलं खातील."

योम बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, कुणाला सांगितलंच नाही तर? कोणाला कळणार?"

"मला कळेल. तिला कळेल." बाईंनी केसांतली फीत चाचपली. "आणि उद्या कुणी पोरगा मैदानात पाय मोडून घेईल, मग मी कुठे तोंड दाखवू? नाही. तुम्ही करायचं, भाऊ. मी बाहेर बसून सांगते."

योमनी आयुष्यात भात आणि अंडं यापलीकडे काही शिजवलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरंय. ज्याला काही येत नाही तो सांगितलेलं तरी ऐकतो."

तांदूळ योमनीच भिजवले आणि गिरणीतून दळून आणले. मातीचं उकडपात्र, बुडाला भोकं असलेलं, बाईंनी स्टेडियमच्या कोठारात ठेवलेलं होतं. घरात नव्हतं ते बरंच झालं, नाहीतर त्यालाही सुतक लागलं असतं. पूजेच्या दिवशी सकाळी योम ते पोत्यात गुंडाळून घरी घेऊन आले. बाई स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, अंगणात एका उलट्या पाटीवर, दाराकडे पाठ करून बसल्या. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"हात धुतलेत?"

"धुतले."

"पुन्हा धुवा. पिठात मीठ घाला, चिमूटभर. तुमची चिमूट नको, माझी."

"तुमची केवढी?"

"माझी बोटं तुम्ही वीस वर्षं बघताय की."

योमनी आपली जाड बोटं पाहिली आणि थोडं मीठ परत डब्यात टाकलं. मग चवळी भरडली, पीठ चाळलं, थर लावले. चवळी, पीठ, चवळी, पीठ. बाई बाहेरून विचारत होत्या आणि योम आतून शाळेत उभं केलेल्या पोरासारखी उत्तरं देत होते.

"आता पातेल्यावर उकडपात्र बसवा. मधल्या फटीला कणकेची वळी लावा, गोल. वाफ निसटली तर तोक कच्चं राहील. वाफ येतेय का कुठून?"

"येतेय."

"कुठून?"

"माझ्या बाजूने."

"तुमची बाजू कुठली, ते पाठीला माझ्या कसं कळणार?"

"खिडकीकडची."

"मग खिडकीकडे अजून कणीक लावा. बोट भाजेल. भाजू दे."

बोट भाजलं. योमनी ते कानाच्या गार पाळीला लावलं.

"झाकण उघडून एकदा बघू का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"उघडलंत तर मी इथून उठून जाईन."

पातेलं खदखदत होतं. अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाला अजून पालवी नव्हती. योम आतून दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि त्यांना बाईंची पाठ दिसत होती. आणि मग, कोणी काही विचारलं नसताना, बाई बोलायला लागल्या.

"आमच्या गावात घर बांधलं, विहीर खणली, बैल घेतला की आईला बोलवायचे. लाल तोक करून द्यायला. मी तिच्या मागे हे भांडं डोक्यावर घेऊन जायची. लोक घरोघर वाटायचे ते. शेजारी जिच्याशी भांडण, तिच्या घरी सुद्धा एक तुकडा जायचा. एकदा कच्चं राहिलं तर ती तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती." त्या थांबल्या. "आता तिला हे कधीच द्यायचं नाही. मेलेल्यांच्या ताटात लाल चवळी चालत नाही ना. भुतं लाल रंगाला भितात, दारातूनच परत जातात. आता वर्षश्राद्धाला पांढरं करायचं तिला. साल काढलेल्या चवळीचं. तिला पांढरं आवडायचं नाही. बेचव म्हणायची."

योमना वाटलं, बाईंनी आता मागे वळावं. मग वाटलं, वळू नये तेच बरं.

"काडी खुपसून बघा आता," बाई म्हणाल्या. "पीठ चिकटतंय?"

"नाही चिकटत."

"नीट बघा."

"नाही चिकटत, बाई."

त्या उठल्या, स्कर्ट झटकला आणि सरळ फाटकाकडे गेल्या. "मी मैदानात यायची नाही. रस्त्यापलीकडे बस थांब्यावर आहे. वाटून झालं की या."

पूजा नीट पार पडली. मोठे साहेब राखाडी कोटात आले होते. वाकताना त्यांनी गुडघ्याखाली रुमाल अंथरला. मग तोक कापलं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग बोटं चाटून दुसरा घेतला, आणि म्हणाले, "हे कुठून आणलं? माझी आजी असं करायची."

बे साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. योमचे कान लाल झाले. इतक्या लोकांसमोर त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"बोंगसुनबाईंनी केलं," ते म्हणाले. "हात माझे होते, पण केलं त्यांनी."

सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारा दारू चढून बोलतोय.

"कोण बोंगसुनबाई?"

"दुसऱ्या गाळ्यावरच्या."

"बोलवा त्यांना."

सुतकाचं नाव पूजेच्या जागी काढलं असतं तर सगळ्यांचा घास घशात अडकला असता. "आज आल्या नाहीत," ते कसेबसे म्हणाले. मोठे साहेब म्हणाले, "बरं, बरं," आणि बे साहेबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. बे साहेब मान डोलावत होते.

बस थांब्यावर बाई बाकाच्या अगदी कडेला बसल्या होत्या. योमनी कागदात बांधलेला तुकडा पुढे केला. बाईंनी तो खाल्ला नाही. मांडीवर ठेवून त्यांनी अंगठ्याने दाबला, थर मोडून पाहिले, वास घेतला.

"मीठ जरा जास्त."

"झालं का?"

"शेवटी तुमचीच चिमूट." त्या हसल्या. "खाल्लं लोकांनी?"

"मागून खाल्लं."

"असं नाही. कोण काय म्हणालं ते सांगा. एकेकाचं सांगा."

आणि योम, ज्यांना दोन वाक्यं सलग बोलताना घाम फुटायचा, ते त्या बाकाशी उभ्याउभ्या एकेकाचं सांगत राहिले. माती सारखी करणारा काय म्हणाला ते, फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने खिशात तुकडा घातला ते, मोठ्या साहेबांची आजी. दोन बस येऊन गेल्या. बाई म्हणाल्या, "आजीचं पुन्हा सांगा." योमनी पुन्हा सांगितलं.

एप्रिल गेला, मे गेला. बाई वाट पाहत होत्या, पण विचारत नव्हत्या. जूनच्या अखेरीस बे साहेब स्वतः गाळ्यावर आले. हातात खोकं होतं. चेहरा असा खुलला होता की जणू घरात बारसं आहे.

"मावशी, झालं तुमचं काम. साहेबांनी शब्द पाळला बघा."

खोक्यात प्लास्टिकच्या वाट्या होत्या, गोठवलेल्या. वाटीच्या झाकणावर अंबाडा घातलेल्या एका सुरकुतल्या म्हातारीचं चित्र आणि खाली लाल अक्षरांत छापलेलं: आईच्या हातची चव. आत तपकिरी रंगाची दोन बोटं रुंद वडी. कुठल्याशा कारखान्यात तयार झालेली. छोट्या विजेच्या भट्टीत गरम करायची आणि द्यायची. किंमत साडेतीन हजार वॉन. तेवढ्यात बाहेर बाजारात अख्खं ताटभर मिळालं असतं.

बाईंनी वाटी हातात घेतली. झाकणावरच्या म्हातारीकडे त्या बराच वेळ पाहत होत्या.

"मी करून आणणार होते," त्या म्हणाल्या.

"मावशी, सगळ्या गाळ्यांना पुरेल इतकं तुम्ही कुठून करणार? आणि आरोग्य खात्याचे नियम. पण कल्पना तुमचीच ना. मी वरती तसं सांगितलंय." बे साहेब खरंच आनंदाने बोलत होते. "सगळ्या स्टेडियमवर जाणार आहे हे. तुमचं तोक."

"उपकार झाले, साहेब," बाई म्हणाल्या.

भट्टीतून वडी बाहेर निघाली की काठ वातड आणि मधोमध बर्फाचा खडा. थोडी थंड झाली की रबर. पहिल्याच सामन्याला बाग परत आला आणि वाटी फळीवर आपटून म्हणाला, "मावशी, ह्याने टॅक्सीचं चाक पंक्चर झालं तर बुजवता येईल. आईच्या हातची चव म्हणे. कुणाची आई ही? पोलिसात द्या तिला."

मागे लोक हसले आणि उत्तराची वाट पाहू लागले. योम तिथेच कप झाकून उभे होते. तेही वाट पाहत होते. बाईंनी फळीवरची वाटी उचलली, बादलीत टाकली आणि फडक्याने फळी पुसली. पुसलेली जागा पुन्हा पुसली.

"मावशी, चेष्टा केली," बाग म्हणाला.

"पुढचा कोण?" बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली. कुणी येऊन लाल तोक मागितलं की त्या आवाज खाली करून म्हणायच्या, "ते नको घेऊस, बाळा. नूडल्स घे." किंबाप विकायच्या, माकूल विकायच्या, थंड कोंबडी विकायच्या, त्या सगळ्यावर पूर्वीसारखे टोमणे झेलायच्या. तेवढी एक वाटी मात्र विकायच्या नाहीत. कुणी हट्टच धरला तर म्हणायच्या, संपलं. मागच्या शीतपेटीत खोकी तशीच पडून असायची.

ते किती दिवस लपणार? ऑगस्टमध्ये बे साहेब आले. योम गाळ्याच्या कोपऱ्यात पाटीवर बसून शेवया ओढत होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मावशी, हे काय ऐकतोय मी? तुमच्याच वस्तूला तुम्हीच नावं ठेवता?"

"माझी नाही ती, साहेब."

"अहो, तुमचीच की."

"माझी असती ना, तर लोकांनी शिव्या दिल्या असत्या तरी मी उभी राहून भांडले असते. ह्याच्यासाठी कशी भांडू? लोक खरं बोलतात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाकीचं वाईट विकते मी, साहेब. ते कुणाचंच नाही, म्हणून विकवतं. ह्यावर आई लिहिलंय."

बे साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मला वरती उत्तर द्यावं लागतं, मावशी."

"द्या की. माझं नाव सांगा."

पुढच्या हंगामाच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. बे साहेबांना वाईट वाटलं असावं. ते ऑक्टोबरभर त्या बाजूच्या जिन्याने फिरकले नाहीत. योमना हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. रोज सामन्याआधी गाळ्याकडे जाताना ते ठरवायचे की आज काहीतरी बोलायचं. तुम्ही केलेलं तोक मी अजून विसरलो नाही. वर्षश्राद्धाला पांढऱ्याची चवळी मी भरडून देऊ का. वाक्य मनात तयार असायचं. गाळ्यापाशी पोचेपर्यंत ते इतकं मोठं वाटायला लागायचं की तोंडात मावायचं नाही.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला फारसे लोक नव्हते. सारस शेवटून दुसरेच होते. वारा बोचरा होता, आणि बाईंनी एप्रनवर पुरुषी जाकीट चढवलं होतं. ते कुणाचं, हे योमना कधीच कळलं नाही. फळीखाली एक छोटी गॅसची शेगडी होती आणि तिच्यावर घरची पितळी किटली भकभकत होती. असं काही आणायला कडक मनाई होती. बाग जाताना म्हणून गेला, "मावशी, आज शेवया शिजल्या. आता काही तक्रारच उरली नाही, येऊन करू काय?" बाई म्हणाल्या, "तिप्पट भावाची कर."

योमनी कप पुढे केला. बाईंनी किटली उचलली, पाणी ओतलं. वाफ त्यांच्या टोपीपर्यंत गेली. झाकणाचा कागद त्यांनी नेहमीसारखा बोटाने दाबला.

"आज पाणी गरम आहे, भाऊ. लगेच खाल्लं तरी चालेल."

"तरी जरा झाकून ठेवतो," योम म्हणाले.